नॉर्मल रिपोर्टमधली वजाबाकी

१९९८ च्या जुलैमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात फिनलंडमधल्या एका पाहणीचे निष्कर्ष छापून आले आणि मधुमेही माणसाच्या हृदयाकडे डॉक्टर वेगळ्या नजरेनं पाहू लागले. स्टीव्हन हॅफ्नर आणि त्यांच्या फिनिश सहकाऱ्यांनी टाइप टू मधुमेह असलेल्या १,०५९ आणि मधुमेह नसलेल्या १,३७३ माणसांची सात वर्षांची माहिती तपासली होती. मधुमेह नाही आणि पूर्वी हार्ट अटॅकही आलेला नाही, अशांपैकी ३.५ टक्के लोकांना त्या सात वर्षांत अटॅक आला. मधुमेह नाही, पण एक अटॅक आधी येऊन गेलेला, अशांमध्ये हे प्रमाण १८.८ टक्के होतं. ज्यांना अटॅक कधीच आला नव्हता, फक्त मधुमेह होता, त्यांच्यात ते २०.२ टक्के निघालं. छातीत एकदाही न दुखलेला मधुमेही माणूस अटॅकमधून वाचलेल्या माणसाइतक्याच जोखमीत जगत होता. मधुमेहही आणि जुना अटॅकही, अशांचं प्रमाण तर ४५ टक्क्यांवर गेलं.

पुढच्या अभ्यासांनी हे चित्र थोडं सौम्य केलं. २००९ मध्ये १३ अभ्यासांतल्या ४५ हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र मांडली गेली, तेव्हा नुसता मधुमेह असलेल्यांचा धोका अटॅक येऊन गेलेल्यांपेक्षा बराच कमी दिसला. मधुमेह किती वर्षांचा आहे, मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम झाला आहे का, यावर पुष्कळ काही ठरतं. तरीही मुख्य गोष्ट तशीच राहिली. मधुमेह हा रक्तातल्या साखरेचा आजार म्हणून ओळखला जातो, पण त्याचे सगळ्यात जास्त बळी हृदय आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे जातात.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच ठळकपणे दिसतं. एरवी बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा काही वर्षं उशिरा गाठतो. मधुमेह हे संरक्षण बरंचसं काढून घेतो. ६४ अभ्यासांतल्या साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती २०१४ मध्ये एकत्र पाहिली, तेव्हा मधुमेहामुळे पुरुषांचा हृदयविकाराचा धोका दुपटीच्या थोडा वर जातो, तर स्त्रियांचा पावणेतीन पटींच्याही पुढे जातो असं दिसलं. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या वेळेवर करून घेणारी बाई स्वतःची तपासणी पुढे ढकलत राहते, तेव्हा हे आकडे कुणीतरी तिच्यासमोर ठेवायला हवेत.

साखरेपलीकडचा हिशोब

मग साखर जितकी खाली आणावी तितकं हृदय सुरक्षित, असं मानणं स्वाभाविक होतं. ते तपासण्यासाठी अमेरिका आणि कॅनडात ‘अकॉर्ड’ हा मोठा प्रयोग झाला. १०,२५१ मधुमेहींपैकी निम्म्यांची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, ६ च्या खाली नेण्याचा निश्चय होता. साडेतीन वर्षांत त्या गटात २५७ मृत्यू झाले, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात २०३. २००८ मध्ये प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला. साखरेवरचं नियंत्रण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा त्यानंच वाचतात. मात्र हृदयाची मोठी रक्तवाहिनी फक्त साखर उतरवून वाचत नाही.

या वाहिनीचं काय बिघडतं याचा माग ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासात आधीच लागला होता. नव्यानं निदान झालेल्या मधुमेहींवर १९७७ पासून वीस वर्षं चाललेला हा अभ्यास. त्यातल्या रुग्णांपैकी हृदयविकार कुणाला होतो, हे कोणत्या गोष्टींवरून ओळखता येतं, याची क्रमवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिला क्रमांक एलडीएल कोलेस्टेरॉलचा, दुसरा एचडीएलचा. एचबीएवनसी तिसऱ्या जागेवर आणि त्यानंतर रक्तदाब व धूम्रपान. साखरेच्या आजारात हृदयाचं भवितव्य सांगणारे पहिले दोन आकडे चरबीचे निघाले.

असं असूनही मधुमेही माणसाला आपली उपाशीपोटीची साखर तोंडपाठ असते आणि एलडीएल किती, हे विचारलं तर फाइल शोधावी लागते. फाइल सापडली तरी बहुतेकदा उत्तर येतं, “कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे.” या ‘नॉर्मल’मध्ये नेमकं काय दडलेलं असतं, ते पाहायला थोडं यकृतात डोकवावं लागतं.

यकृतात काय घडतं

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त मुख्यतः पाणी आहे. म्हणून शरीर चरबीला प्रथिनांच्या आवरणात बांधून रक्तात सोडतं. हे बांधलेले कण म्हणजे लायपोप्रोटीन. यकृत आधी मोठे, ट्रायग्लिसराइड या चरबीनं भरलेले व्हीएलडीएल कण तयार करतं. वाटेत स्नायू आणि चरबीच्या पेशी त्यातलं ट्रायग्लिसराइड काढून घेतात, कण आक्रसत जातो आणि शेवटी कोलेस्टेरॉलनं भरलेला एलडीएल उरतो. एचडीएलचे कण वेगळे. ते ऊतींतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेण्याच्या कामात असतात.

इन्सुलिनचं काम साखर पेशींत पोचवण्यापुरतं नाही. चरबीच्या पेशींनी आपला साठा उगाच मोकळा करू नये, यावरही त्याचा वचक असतो. टाइप टू मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि हा वचक ढिला पडतो. पोटाच्या घेरातून मेदाम्लं सुटतात, थेट यकृतात पोचतात, आणि यकृत त्यांचे आणखी व्हीएलडीएल कण बांधून रक्तात सोडत राहतं. रक्तात हे कण फोडणारं विकरही मंदावलेलं असतं. त्यामुळे ट्रायग्लिसराइड वाढतं.

इथून पुढची साखळी जास्त महत्त्वाची. रक्तात एक प्रथिन या कणांमध्ये देवाणघेवाण घडवून आणतं: व्हीएलडीएलमधलं ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलला, आणि त्यांच्यातलं कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलला. ट्रायग्लिसराइडनं भरलेल्या एचडीएल कणाचा यकृतात लचका तोडला जातो, तो लहान होतो आणि मूत्रपिंडांवाटे लवकर नाहीसा होतो. रिपोर्टवर एचडीएल कमी दिसतं ते यामुळे. एलडीएलच्या कणाचंही असंच होतं. तो लहान आणि घट्ट बनतो. त्याच्या पोटात कोलेस्टेरॉल कमी असतं, पण तो रक्तात जास्त काळ फिरतो, धमनीच्या अस्तरात सहज शिरतो आणि तिथे अडकून लवकर खराब होतो. त्याला गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून फुगतात आणि तिथेच मरून पडतात. धमनीच्या भिंतीत साचत जाणारा थर हा असा कणाकणानं बनतो. एखाद्या दिवशी थराचं आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि रक्ताची वाट बंद होते.

मधुमेही माणसाच्या लिपिड प्रोफाइलची ठेवण या साखळीतून ठरते. ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली आणि एलडीएल जवळपास शेजाऱ्याइतकंच. डॉक्टरला फसवतं ते हे तिसरं.

बहात्तर सालचं सूत्र

फसगत दोन कारणांनी होते. पहिलं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. कित्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजलं जात नाही, हिशोबानं काढलं जातं. हा हिशोब विल्यम फ्रीडवाल्ड, रॉबर्ट लेव्ही आणि डोनाल्ड फ्रेड्रिक्सन या तिघांनी १९७२ मध्ये अमेरिकेत मांडला. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, राहील ते एलडीएल. व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल ट्रायग्लिसराइडच्या पाचव्या हिश्श्याइतकं असतं, हे त्यातलं गृहीतक. महागडं यंत्र नसलेल्या प्रयोगशाळांसाठी ही मोठीच सोय झाली आणि पन्नास वर्षं जगभर ती वापरली गेली. पण ट्रायग्लिसराइड वाढलं की पाचव्या हिश्श्याचं गृहीतक गडबडतं, गरजेपेक्षा जास्त वजा होतं आणि एलडीएल आहे त्याहून कमी दिसतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र वापरूच नये, असं कर्त्यांनीच बजावलं होतं. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सेथ मार्टिन आणि सहकाऱ्यांनी साडेतेरा लाख नमुन्यांच्या आधारानं सुधारित सूत्र दिलं. त्यात पाचाऐवजी प्रत्येक माणसाच्या आकड्यांनुसार बदलणारा भाजक आहे.

दुसरं कारण जास्त खोल आहे. एलडीएल अगदी अचूक मोजलं तरी तो आकडा कणांमधल्या कोलेस्टेरॉलचं वजन सांगतो. कण किती आहेत, ते सांगत नाही. मार्केट यार्डात आज किती क्विंटल कांदा आला, एवढ्यावरून रस्त्यावर किती टेम्पो अडकले ते कळत नाही. टेम्पो लहान असतील तर तेवढ्याच मालाला ते जास्त लागतात. धमनीच्या भिंतीत शिरतो तो कण. मधुमेहात कण लहान असतात, म्हणून वजन तेवढंच असलं तरी कण जास्त असतात.

दोन काल्पनिक रिपोर्ट शेजारी ठेवून पाहू. सगळे आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅमचे. पहिल्या माणसाचं एकूण कोलेस्टेरॉल १७२, ट्रायग्लिसराइड ९०, एचडीएल ६४. फ्रीडवाल्डच्या हिशोबानं एलडीएल ९०. दुसऱ्या माणसाला मधुमेह आहे. एकूण कोलेस्टेरॉल त्याचंही १७२, पण ट्रायग्लिसराइड २४० आणि एचडीएल ३४. एलडीएल याचंही ९०. एकूण आणि एलडीएल हे दोनच आकडे पाहणाऱ्याला दोघांत काही फरक दिसणार नाही. आता एकूणमधून फक्त एचडीएल वजा करा. पहिल्याचे राहतात १०८, दुसऱ्याचे १३८. या उरलेल्या आकड्याचं नाव नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल. एलडीएल, व्हीएलडीएल आणि अर्धवट आक्रसलेले अधलेमधले कण, म्हणजे धमनीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल त्यात येतं. त्यासाठी वेगळं रक्त द्यावं लागत नाही की वेगळे पैसे. रिपोर्टवर तो छापलेला नसेल तरी घरी कागदावर काढता येतो.

कणांची मोजदाद

कण थेट मोजण्याचीही सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. प्रत्येक व्हीएलडीएल आणि एलडीएल कणावर अ‍ॅपो-बी नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू असतो. कण लहान असो की मोठा, रेणू एकच. म्हणून रक्तातलं अ‍ॅपो-बी मोजलं की कणांची संख्या कळते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले अ‍ॅलन स्नायडरमन यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं, की हृदयाच्या धमन्या तुंबलेल्या काही रुग्णांचं एलडीएल कोलेस्टेरॉल चारचौघांसारखं असतं, पण अ‍ॅपो-बी चढलेलं असतं. पुढची चार दशकं ते ही गोष्ट सांगत राहिले.

त्यांच्या म्हणण्याला सगळ्यात रुंद आधार २००४ मध्ये मिळाला. कॅनडातल्या सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत ‘इंटरहार्ट’ हा अभ्यास झाला. पहिला अटॅक आलेले १५,१५२ रुग्ण आणि तुलनेसाठी १४,८२० निरोगी माणसं. भारतातली इस्पितळंही त्यात होती. पहिल्या अटॅकशी नातं असलेल्या नऊ गोष्टींत सगळ्यात मोठा वाटा अ‍ॅपो-बी आणि एचडीएलवरच्या अ‍ॅपो-ए या प्रथिनांच्या गुणोत्तराचा निघाला. दक्षिण आशियाची आकडेवारी तीन वर्षांनी वेगळी मांडली गेली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. जगात इतरत्र पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय जवळपास ५९ होतं. दक्षिण आशियात ते ५३ होतं.

कोणता आकडा खाली आणायचा

ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, हीच मधुमेहाची खूण असेल तर औषधानं एक उतरवावं आणि दुसरं चढवावं, असं कुणालाही वाटेल. हे दोन्ही प्रयत्न फार मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्यांनी वैद्यकाला धडा दिला.

एचडीएल वाढवणारं टॉरसेट्रापिब हे औषध १५ हजार रुग्णांवर तपासलं जात होतं. एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढलं, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यूच जास्त झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये प्रयोग बंद करावा लागला. नायसिन या जुन्या औषधाची २५,६७३ लोकांवरची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. फायदा दिसला नाही, उलट मधुमेहींची साखर बिघडली. एचडीएल कमी असणं ही धोक्याची खूण आहे, पण तो आकडा औषधानं चढवून धोका जात नाही, हे तोवर स्पष्ट झालं.

ट्रायग्लिसराइडच्या बाबतीत फेनोफायब्रेट हे औषध ९,७९५ मधुमेहींना देऊन पाहिलं गेलं. २००५ मध्ये निकाल आला, त्यात हृदयाच्या मुख्य घटनांत ठोस घट नव्हती. डोळ्याच्या पडद्यावर लेझर उपचारांची गरज मात्र कमी झाली आणि तो उपयोग आजही मानला जातो. सगळ्यात बोलका निकाल २०२२ चा. ‘प्रॉमिनंट’ या चाचणीत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असलेले १०,४९७ मधुमेही निवडले होते, म्हणजे ज्यांना उपयोग व्हायलाच हवा असे रुग्ण. पेमाफायब्रेट या औषधानं ट्रायग्लिसराइड सव्वीस टक्क्यांनी उतरलं. अटॅक आणि पक्षाघात तेवढेच राहिले. अ‍ॅपो-बी त्या रुग्णांत कमी झालं नव्हतं, उलट किंचित वाढलं होतं. ट्रायग्लिसराइडचा आकडा खाली आला होता, पण धमनीत शिरणारे कण कमी झाले नव्हते.

ज्या औषधानं कण कमी होतात, त्याचे निकाल अगदी वेगळे आहेत. जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल बनण्यावर लगाम घालतं. मग यकृत आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक वाढवतं आणि रक्तातले कण उचलून घेतं. या ग्राहकांच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. फक्त मधुमेहींसाठी आखलेली पहिली मोठी चाचणी ब्रिटन आणि आयर्लंडमधली ‘कार्ड्‌स’. २,८३८ माणसं, वय ४० ते ७५, हृदयविकाराचा इतिहास नाही, एलडीएल फारसं वाढलेलं नाही. निम्म्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी ठरल्याच्या दोन वर्षं आधी थांबवली गेली. हृदय आणि मेंदूच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, पक्षाघात जवळपास निम्म्यावर आला होता. सुरुवातीचं एलडीएल कमी असलेल्यांनाही फायदा तेवढाच मिळाला. २००८ मध्ये १४ चाचण्यांतल्या १८,६८६ मधुमेहींचा एकत्र हिशोब झाला. एलडीएल ३९ नी खाली आणलं की रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना २१ टक्क्यांनी कमी होतात, असं त्यातून दिसलं.

त्यामुळे रिपोर्टवर छापलेली ‘१०० च्या खाली’ ही मर्यादा मधुमेही माणसासाठी नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये आणि भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये सांगितलेली उद्दिष्टं साधारण अशी आहेत: मधुमेहामुळे धोका जास्त असलेल्यांचं एलडीएल ७० च्या आत आणि नॉन-एचडीएल १०० च्या आत, हृदयविकार झालेला असेल तर एलडीएल ५५ च्या आत आणि नॉन-एचडीएल ८५ च्या आत. मघाचा दुसरा माणूस, एलडीएल ९० म्हणून निश्चिंत झालेला, या मोजपट्टीवर दोन्ही आकड्यांत नापास होतो. स्टॅटिन पुरेसं पडलं नाही तर एझेटिमाइब ही जोडीची गोळी आहे. ती दिल्यावर १८ हजार रुग्णांच्या ‘इम्प्रूव्ह-इट’ या चाचणीत मधुमेहींनाच जास्त फायदा झाल्याचं २०१५ मध्ये दिसलं.

पुण्याची सडपातळ माणसं

या सगळ्या चाचण्या बहुतांश गोऱ्या लोकांवर झाल्या. भारतीय शरीराची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिचा मोठा भाग पुण्यात लिहिला गेला. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा या दोघांना एकाच रकान्यात बसवतो, यकृत बसवत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक यांनी केलेल्या पाहणीत ही ठेवण जन्मापासूनच दिसली. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं शाबूत होती.

देशभराच्या आकड्यांतही हीच ठेवण उमटते. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीचे १,१३,०४३ लोकांवरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. १० कोटींवर भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज त्यातूनच पुढे आला. एलडीएल वाढलेले साधारण २१ टक्के, ट्रायग्लिसराइड वाढलेले ३२ टक्के आणि एचडीएल कमी असलेले ६७ टक्के. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथले लोक होते. त्यांच्यातही एचडीएल कमी असलेले ७२ टक्के होते आणि एलडीएल वाढलेले जेमतेम १२ टक्के. म्हणजे नुसत्या एलडीएलवर भिस्त ठेवली तर फसगत होण्याची शक्यता भारतात फार मोठी.

जेवणाचा संबंध इथे सरळ येतो. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात तुपापेक्षा साखर, मैदा, भाताचा डोंगर आणि दारू यांचा हात मोठा असतो. उपासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळचा चहा-बिस्किटांचा रतीब तेलकट नसला तरी यकृताला चरबी बनवायला भरपूर कच्चा माल पुरवतो. एलडीएल मात्र साय-लोणी आणि वनस्पती तुपासारख्या स्निग्धांशानं वाढतं. वनस्पती तुपातला ट्रान्स फॅट तर एलडीएल वाढवून एचडीएलही घटवतो. त्याच्यावर भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तर ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या हिश्श्यानं उतरतं. ८० किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पलीकडे गेलं तर प्रश्न हृदयापुरता राहत नाही. स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती सुरू होते आणि तेव्हा तो आकडा औषधानं तातडीनं उतरवावाच लागतो.

गोळीबद्दलच्या शंका

“कोलेस्टेरॉलच्या गोळीनं शुगर वाढते,” ही तक्रार खोटी नाही. १३ चाचण्यांतल्या ९१,१४० लोकांची माहिती २०१० मध्ये तपासली, तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांत नव्या मधुमेहाचं प्रमाण ९ टक्क्यांनी जास्त दिसलं. प्रत्यक्षात ते किती? २५५ माणसांनी चार वर्षं गोळी घेतली तर एक जादा रुग्ण. ज्याला मधुमेह आधीच आहे, त्याची साखर किंचित वर सरकू शकते. ती साखरेच्या गोळ्यांत थोडा बदल करून सांभाळता येते. अटॅकनं निकामी झालेला हृदयाचा स्नायू परत मिळत नाही.

अंगदुखीचीही शहानिशा झाली आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या गेल्या: चार महिने स्टॅटिन, चार महिने औषध नसलेली गोळी, चार महिने रिकामी बाटली, क्रम कुणालाच माहीत नाही. २०२० मध्ये निकाल आला. स्टॅटिनवर जितका त्रास जाणवला, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही जाणवला होता. त्रास खरा होता, फक्त तो बहुतेक वेळा औषधातून येत नव्हता. खरोखर स्नायू दुखावणारे थोडे रुग्ण असतातच. त्यांनी गोळी स्वतःहून टाकून न देता डॉक्टरांशी बोललं, तर मात्रा कमी करता येते किंवा दुसरं औषध निवडता येतं.

तपासणीबद्दलचीही एक अडचण आता राहिलेली नाही. लिपिड प्रोफाइलसाठी बारा तास उपाशी राहण्याची सक्ती युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच सोडून दिली. रोजच्यासारखं खाल्ल्यानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी २६ नी वाढतं, नॉन-एचडीएल आणि अ‍ॅपो-बी फारसे हलत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्या वृद्ध माणसाला सकाळी उपाशीपोटी रांगेत उभं करून साखर एकदम उतरण्याचा धोका पत्करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे निघालं तरच पुन्हा उपाशीपोटी तपासावं. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-लिटल-ए हीही चाचणी करून घ्यावी. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असतो, जेवणानं बदलत नाही, आणि ५० च्या वर असेल तर बाकीचे आकडे आणखी काटेकोरपणे खाली ठेवावे लागतात.

चाळिशीच्या आतले रुग्ण

सगळ्या बाजूंनी एकदम उपचार केले तर किती फरक पडतो, हे डेन्मार्कच्या ‘स्टेनो-२’ या छोट्या पण चिकाटीच्या अभ्यासानं दाखवलं. मूत्रपिंडांवर परिणाम सुरू झालेले १६० मधुमेही. निम्म्यांची साखर, रक्तदाब, चरबी, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सगळ्यांकडे जवळपास आठ वर्षं कसून लक्ष दिलं गेलं. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या घटना निम्म्याहून कमी झाल्या. एकवीस वर्षांनी पाहिलं तेव्हा या गटातल्या लोकांना मधल्या हिशोबानं ७.९ वर्षं जास्त आयुष्य मिळालं होतं. नातवंडं शाळेत जाताना पाहण्याएवढी ही वर्षं.

भारतासमोरचा प्रश्न मात्र यातल्या कोणत्याच चाचणीनं पूर्ण सोडवलेला नाही. ‘कार्ड्‌स’मधला सर्वांत तरुण रुग्ण चाळिशीचा होता. आपल्याकडे तिशीत, कधी त्याही आधी टाइप टू मधुमेहाचं निदान होतं, आणि पन्नाशीला पोचेपर्यंत त्या धमन्यांनी वाढलेले कण वीस वर्षं सोसलेले असतात. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन २० ते ३९ वयाच्या मधुमेहींना, इतर जोखमी असतील तर, स्टॅटिनचा विचार करायला सांगते, पण त्यामागे चाळिशीनंतरच्या रुग्णांइतका भक्कम पुरावा नाही. तरुण स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणाचा विचार आधी करावा लागतो. मूल हवं असेल तर स्टॅटिन सहसा बंद ठेवतात, म्हणून हे बोलणं डॉक्टरांशी गोळी सुरू करतानाच व्हायला हवं. तिशीतल्या रुग्णाची उपाशीपोटीची साखर १३० आणि एलडीएल ९५ असेल तर आज अनेक ठिकाणी त्याला तीन महिन्यांनी साखर तपासायला बोलावतात आणि चरबीचा विषय तिथेच राहतो. त्याच कागदावरचं एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल हे दोन आकडे घेऊन वजाबाकी केली, उत्तर १०० च्या वर आलं आणि ते डॉक्टरांसमोर ठेवलं, तर पुढच्या वीस वर्षांचं बोलणं त्या दिवशीच सुरू होऊ शकतं.